उघड्या टपाची गाडी आणि नागपूरचं ऊन

जबलपूरच्या छावणीतल्या एका बंगल्यासमोर ती गाडी आम्ही पहिल्यांदा पाहिली. बुटकी, गडद हिरवी, दोनच माणसं बसतील अशी विलायती स्पोर्ट्स कार. टप कापडाचा, दारांना काचा नाहीत. मायदेशी परतणाऱ्या एका साहेबाकडून माझ्या धाकट्या भावाने, अरविंदने, ती घेतली होती. अरविंद बेचाळिशीचा, एकटा, पुण्याच्या एका कचेरीत नकाशे काढणारा. त्याच्या आयुष्यातली हौस म्हणावी अशी ही एवढीच. गाडी तो स्वतः चालवत पुण्याला नेणार होता. मी सोबत निघाले, कारण त्याला नकाशे काढता येतात, प्रवासाची तयारी करता येत नाही. पाण्याच्या दोन छागली, दशम्या, ग्लुकोज, दोरखंड, औषधांची पेटी, सगळं मी मोजून भरलं आणि आम्ही उजाडताच निघालो. सत्तर सालाच्या आसपासचा मे महिना होता.

शिवनीच्या अलीकडे गाडीचं पोट एका दगडाला घासलं आणि एकदम ट्रॅक्टरसारखा आवाज सुरू झाला. धुराच्या नळीला तडा गेला होता. शिवनीच्या मिस्त्रीने तेलाच्या डब्याचा पत्रा कापून नळीभोवती गुंडाळला, वरून तार आवळली.

"नागपूर तक चली जाएगी," तो म्हणाला. "आवाज करेगी, बस."

"आवाज तर हवाच, ताई," अरविंद खुशीत म्हणाला. "नाहीतर स्पोर्ट्स कार कसली!"

खवासा ओलांडलं तोवर सूर्य डोक्यावर आला होता. सागाची झाडं पानं टाकून उघडी पडली होती आणि वारा भट्टीतून आल्यासारखा तोंडावर येत होता. देवलापारला चहासाठी थांबलो. हॉटेलवाल्याने आमच्या उघड्या दारांकडे पाहून कपाळाला हात लावला.

"काहून असे उघडे चालले गा? लू मारते ना! ट्रकवाले पाहा, बोरे लावतात."

बोरे म्हणजे गोणपाट. त्याने चार बोरे पाण्यात बुडवून आणले. दोन दारांवर टांगले, दोन पायांखाली अंथरले. विदर्भात उन्हाळ्यात घराच्या दारा-खिडक्यांना वाळ्याचे ओले पडदे लावतात, तसंच हे. वर कापडी टप चढवलेला होताच, आत अंधार आणि गारवा झाला. इतका आराम सकाळपासून मिळाला नव्हता.

अर्ध्या तासात माझं डोकं दुखू लागलं. मग मळमळ. एकदा उलटी झाली, म्हणून मी माझ्या बाजूचा बोरा काढून टाकला आणि उरलेली वाट दाराबाहेर मान काढून बसले. अरविंद डोळे चोळत गाडी चालवत होता. कन्हान नदीच्या अलीकडे त्याने गाडी थांबवली.

"ताई, मला दोन पूल दिसतायत."

कडुलिंबाखाली कैऱ्या विकणारी एक म्हातारी होती. तिने त्याचा लालबुंद चेहरा पाहिला मात्र, ती उठलीच.

"ऊन लागलं याले! निजव वं बाई त्याले इथं. कांदा आण गा कोणी!"

कुणीतरी कांदा ठेचून आणला. तो त्याच्या तळपायांना चोळला, म्हातारीने गुळाचं पन्हं पाजलं. पंचा (इकडे त्याला दुपट्टा म्हणतात) भिजवून डोक्याला बांधला. तासाभरात अरविंद उठून बसला, हसलासुद्धा.

"पाह्य, आलं का नाही ध्यानावर?" म्हातारी म्हणाली. "पुण्याचे लोक! आमचं ऊन म्हणजे काय थट्टा वाटते का तुमाले?"

उपचार लागू पडला म्हणजे रोग तोच, याबद्दल तिथे कुणालाच शंका नव्हती. मलाही नव्हती. लोकांनी नदीतून बोरे पुन्हा भिजवून आणले, अरविंदच्या बाजूला एकाऐवजी दोन टांगले. आम्ही निघालो.

कामठी मागे पडल्यावर, नागपूरच्या वेशीवर, त्याचं डोकं स्टिअरिंगवर टेकलं. वेग नव्हता. गाडी रस्ता सोडून एका खड्ड्यात बसली. मी हाका मारल्या. त्याने डोळे उघडले नाहीत.

रस्त्यावरच्या माणसांनी त्याला टांग्यात घातलं. सरकारी दवाखान्याचा वॉर्ड उन्हाच्या रोग्यांनी भरला होता. जमिनीवर माणसं, त्यांच्या अंगावर बर्फाच्या पिशव्या. तरुण डॉक्टर चार दिवस झोपला नसावा. अरविंदचं अंग तापलेलं होतंच. त्या दिवशी कुणाचं नव्हतं? त्यालाही बर्फात ठेवलं.

संध्याकाळी मी गाडीची व्यवस्था पाहायला गेले. लोकांनी ती ढकलत जवळच्याच गुलाबराव मिस्त्रीच्या शेडमध्ये नेली होती. गुलाबराव बाहेर ओट्यावर डोकं धरून बसला होता. शेजारचा पंक्चरवाला त्याला चिडवत होता.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही बाई. आवाज कुठून येते म्हणून गाडीत बसून इंजिन चालू करून पाहून राहिलो होतो. डोकं गरगरून राहिलं. उलटीच झाली."

"सावलीत बसून ऊन लागलं याले!" पंक्चरवाला हसत म्हणाला. "बायकोले सांग, सरबत देईल."

मी हसले नाही. सावलीत बसून ऊन लागलं. मी शेडमध्ये शिरले आणि अरविंदच्या पायांखालचा बोरा उचलला. खालची बाजू काजळीने काळी होती. तिथे गाडीच्या तळाला तळहाताएवढं भोक होतं आणि त्याच्या बरोबर खाली धुराच्या नळीची चीर. शिवनीला गुंडाळलेला पत्रा कधीच गळून पडला होता.

मी धावतच दवाखान्यात परतले. ओल्या बोऱ्यांनी बंद केलेल्या गाडीत इंजिनाचा विषारी धूर कोंडला होता, हे डॉक्टरने ऐकलं आणि वॉर्डच्या टोकाचं ऑक्सिजनचं नळकांडं स्वतः ओढत आणलं. नळी लावून झाल्यावर तो हळूच म्हणाला, "दुपारीच कळलं असतं तर..." आणि पुढच्या रोग्याकडे गेला. त्या वॉर्डातल्या बाकीच्या सगळ्यांना खरोखरच ऊन लागलं होतं. त्यातले दोघे त्याच रात्री गेले.

अरविंद तिसऱ्या दिवशी शुद्धीवर आला. पुढचे काही आठवडे मी बर्डीवरच्या बाजारातल्या एका लॉजमध्ये राहिले. सकाळी तर्री (चण्याचा झणझणीत रस्सा) घातलेले पोहे, दुपारी दवाखाना. गुलाबरावला विलायती नळी मिळणं शक्य नव्हतं. त्याने जीपची नळी कापून जोडली, तळाला नवा पत्रा मारला आणि अरविंदला घरी सोडलं त्या दिवशी गाडी दवाखान्याच्या फाटकापाशी आणून उभी केली. इंजिन चालू होतं. आवाज कसा तो नव्हता.

"पाहा साहेब, तुमची गाडी."

अरविंदने तिच्याकडे नीट पाहिलं. "सुंदर आहे," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "ताई, कुणाची?"

गुलाबरावने इंजिन बंद केलं. गिऱ्हाईक मिळेपर्यंत ठेव, असं सांगून गाडी मी त्याच्याकडेच सोपवली आणि आम्ही रेल्वेने परतलो.

पुण्याला कचेरीने अरविंदला नकाशाच्या टेबलावरून उठवून फायलींच्या खोलीत बसवलं, कारण त्याचा हात थरथरतो आणि रेघ सरळ येत नाही. नागपुरात भेटलेल्या माणसांइतकं कुणी परक्यासाठी धावत नाही, हे मी सगळ्यांना सांगते, आणि ते खरं आहे. त्यांनी दुसऱ्यांदा बोरे भिजवून लावले तेही याच मायेने. अरविंद आता घराबाहेर पडताना दारातच थबकतो. ते ऊन नव्हतं, हे मी त्याला पुष्कळदा समजावलं आहे. तो शेवटपर्यंत ऐकून घेतो आणि छत्री उघडतो.