लसीसाठी खोडलेलं एक वर्ष

नात वर्षभर आधी शाळेत गेली ती माझ्यामुळे. तिची आई, म्हणजे माझी मुलगी, गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरने गेली तेव्हा पोर चार वर्षांची होती. बापाने दुसरा संसार थाटला. मी मार्केट यार्डात कांदा निवडायला जायचे, पोरीला ठेवणार कुठे? पाच पूर्ण झाल्यावर शाळेत नेली आणि सहा म्हणून सांगितलं. तारीख विचारली तर म्हटलं, एक जून. आमच्या वस्तीत निम्मी माणसं एक जूनलाच जन्मली आहेत. दाखला नंतर आणते म्हणाले, तो कधी नेला नाही. पुढे आधार कार्डही शाळेच्या कागदावरून निघालं.

मग सरकारने ठरवलं, या कॅन्सरची लस चौदा वर्षांच्या मुलींना सरकारी दवाखान्यात फुकट. सरकारचं कौतुक करायची मला सवय नाही. निर्णय बरोबर होता, उशिरा होता. मी नातीला घेऊन गेले.

सिस्टरने आधार पाहिलं. "आजी, हिला पंधरा उलटून गेलीत. नाही बसत."

"ते खोटं आहे. मीच सांगितलं होतं शाळेत."

"आणि आता खरं बोलताय, कशावरून?"

"कशावरून नाही. जन्माचा दाखला आणते."

नात दंड धरून ओढत होती. "आजी, जाऊ दे ना. लोक बघतायत."

"बघू दे. तुझी आई तपासून घ्यायला लाजली, तेवढं पुरे झालं."

दुसऱ्या दिवशी क्षेत्रीय कार्यालयात गेले. जन्म महापालिकेच्या प्रसूतिगृहातला, त्यामुळे नोंद सापडली. आईचं नाव बरोबर, तारीख बरोबर, मुलीच्या नावाची जागा कोरी. नोंद झाली तिसऱ्या दिवशी आणि आमच्याकडे बारसं बाराव्या दिवशी. नाव घालायला नंतर कोणी गेलंच नाही.

"नाव घालायचं तर वडिलांची सही लागेल," क्लार्क म्हणाले.

"तुम्हीच शोधा त्याला, साहेब. सापडला तर मलाही कळवा."

ते हसले नाहीत. मीही नाही. माझ्या मुलीच्या मृत्यूचा दाखला, शाळेत पालक म्हणून माझं नाव असलेला कागद, माझं आधार, सगळं टेबलावर मांडलं. अर्ज मी स्वतः भरला. चौथी शिकले आहे, अक्षर बरं आहे. ते म्हणाले, बुधवारी या. बुधवारी साहेब रजेवर. गुरुवारी मी दार उघडायच्या आधी पायरीवर बसलेले होते. दाखला मिळाला. नातीचं नाव, खरी तारीख, खाली शिक्का.

त्याच पावली तिला शाळेतून घेतलं आणि दवाखान्यात नेलं. सिस्टरने दाखला दोनदा वाचला.

"चौदा पूर्ण. पंधराला दोन महिने आहेत. आजी, तुम्ही सोडणार नव्हताच ना?"

"नाही."

संमतीच्या कागदावर मी पूर्ण नावाने सही केली. पोरीने भिंतीकडे तोंड केलं. सुई आत गेली, बाहेर आली. माझ्या मुलीला कोणी देऊ शकलं नव्हतं ते तिच्या मुलीला मिळालं, आणि घ्यायला मी हजर होते.

अर्धा तास बाकावर थांबायला सांगितलं.

"आजी, हात दुखतोय."

"दुखू दे. हे दुखणं उद्या जाईल."

ती शाळेत परत जाते म्हणाली. मी म्हटलं, आज नाही. आज आपण भेळ खायची.