आठशेचं मशीन

मल्हारी टेळेबद्दल कोणीतरी लिहायला हवं, असं मी पुष्कळ वर्षं म्हणत होतो. कोणी लिहिलं नाही, म्हणून मीच बसलो आहे. दौंड स्टेशनात तीस वर्षं गाड्या आल्या-गेल्याच्या वेळा लिहिल्या, तेवढंच माझं लेखन. काही मागेपुढे झालं तर सांभाळून घ्यावं.

निवृत्त झाल्यावर मी मुलाकडे कारेगावला राहायला आलो, ते अठ्ठ्याण्णव साल. मल्हारी आमच्या शेजारच्या खोलीत राहायचा. रांजणगावच्या एका कंपनीत तो इलेक्ट्रिशियन होता, आणि सुट्टीच्या दिवशी लोकांचे जुने कॉम्प्युटर तपासायचा. दुरुस्तही करायचा, पण नाद तपासण्याचा. त्या वेळी पुण्याहून वापरलेली मशिनं फार यायची. विकणारा सांगेल तो वेग आणि घेणारा मान हलवणार. शर्टाच्या खिशात पेनशेजारी मल्हारीची एक फ्लॉपी असायची. तिच्यातला प्रोग्रॅम मशीनला भराभर गणितं घालायचा, आणि किती वेळात सुटली त्यावरून मशीनचा खरा वेग पडद्यावर दाखवायचा. ग्राफिक्स कार्डासाठी त्याच्याकडे वेगळी सीडी होती. तिच्यात एक होडी खवळलेल्या समुद्रातून जायची. कार्ड चांगलं असलं की होडी सरसर जायची. नसलं की एका लाटेवर इतका वेळ थांबायची, की बघणाऱ्यालाच मळमळावं.

ही तपासणी त्याच्या रक्तातच होती. त्याचे वडील मेंढरांच्या बाजारातले जाणते. विकणाऱ्याचं बोलणं ते ऐकायचेच नाहीत. मेंढराच्या कमरेवर हात दाबायचे, सोडायचे, पुन्हा दाबायचे, असं तीनदा, आणि मग काय ते एका शब्दात सांगायचे. मल्हारीही प्रत्येक मशीन तीनदा तपासायचा आणि तिन्हीतला सगळ्यात कमी आकडा खरा मानायचा. घेतलेल्या मेंढराला रंग लावतात, तसा पास झालेल्या मशीनच्या पाठीवर गेरूचा टिपका द्यायचा. शिरूर तालुक्यात असे टिपकेवाले कॉम्प्युटर बरेच होते. काही लोकांना तो कंपनीचाच मार्क वाटायचा.

पूर्वीच्या कॅबिनेटवर पुढे लाल दिव्यांचा आकडा असायचा. लोक म्हणायचे, हा वेग. एकदा शिरूरच्या एका दुकानात मालक गिऱ्हाइकाला तो आकडा बोटानं दाखवत होता. मल्हारी तिथं कशाला गेला होता कोण जाणे. त्यानं झाकण उघडलं, आतल्या दोन-चार पिना इकडच्या तिकडं केल्या, आणि बाहेर लाल दिव्यांत चारशे वीस आलं.

"ह्यो आकडा मशीन न्हाई सांगत," तो गिऱ्हाइकाला म्हणाला. "ह्यो दुकानदार सांगतो."

त्या दुकानाच्या फुटपाथवरून जायचं त्यानं त्यानंतर वर्षभर टाळलं.

असंच एकदा एका पतसंस्थेत कारकून चहाला उठला, तेवढ्यात यानं काउंटरवरच्या मशीनमध्ये फ्लॉपी घातली. पडदा काळा झाला, आकडे पळू लागले. रांगेतल्या म्हाताऱ्या घाबरल्या. मॅनेजर धावत आले.

"कुणी सांगितलं तुम्हाला हे?"

"कुणी न्हाई, साहेब. तुमचं मशीन लय दमतंय. मला बघवंना."

त्याचं सांगणं इतकंच असायचं: पडद्यावर येईल ते मी बोलतो, माझ्या मनचं काही नाही. म्हणूनच लोक त्याला मानायचे. आणि म्हणूनच दोन हजार दोन साली मार्च महिन्यात त्याचे दाजी सोपानराव त्याला न्यायला आले.

सोपानराव म्हणजे मल्हारीच्या बहिणीचे यजमान, न्हावरे गावाकडचे कांदा-उसाचे शेतकरी. थोरल्या मुलीच्या वेळी त्यांना मुलाकडच्यांनी दारात उभा ट्रॅक्टर दाखवला होता. लग्नानंतर दहाव्या दिवशी तो शेजाऱ्यानं परत नेला. तेव्हापासून सोपानरावांचा डोळ्यांनी दिसणाऱ्या कशावरही विश्वास राहिला नव्हता. आता धाकट्या सुषमासाठी केडगावचं स्थळ आलं होतं. मुलगा स्वराज, बापामागं वाढलेला, घराच्या पुढच्या खोलीत टायपिंगचं आणि छपाईसाठी लग्नपत्रिकांची मांडणी करून देण्याचं काम करायचा. मध्यस्थानं सांगितलं होतं की मुलाकडे आठशेचं, म्हणजे आठशे मेगाहर्ट्झ वेगाचं मशीन आहे, ग्राफिक्स कार्डासकट, आणि सगळा धंदा त्याच्यावर चालतो.

"आठशे म्हंजी काय ते मला कळत न्हाई," सोपानराव म्हणाले. "पर सातशे नव्व्याण्णव निघालं तरी मी उठणार."

सुषमानं कॉम्प्युटरची परीक्षा दिली होती. दौंडच्या परीक्षा केंद्रावर तिनं स्वराजला पाहिलं होतं. आम्ही निघण्याच्या आदल्या दिवशी ती मामाकडे आली आणि माझ्यासमोरच म्हणाली, "मामा, मला हे स्थळ पाहिजे. खोटं बोला असं मी म्हणत न्हाई. पर नीट बघा."

"नीटच बघतो मी," मल्हारी म्हणाला. पण त्या दिवशी त्याचं जेवणात लक्ष नव्हतं, असं त्याची बायको सांगत होती.

मला का नेलं? तर मी दौंडकडचा, त्या बाजूची माणसं मला माहीत, असं सोपानरावांना वाटलं. खरं तर मला गाड्या माहीत. माणसं फारशी नाहीत. पण नाही म्हणायला मला कधीच जमलेलं नाही, म्हणून जीपमध्ये बसलो.

केडगावला पोचलो तेव्हा सकाळचे सव्वाअकरा झाले होते. घर आरशासारखं स्वच्छ. स्वराजची आई सगुणाबाई उंबऱ्यातच म्हणाल्या, "या, या. पहाटेपासून पुसतेय. त्याची मशीनसुद्धा मीच पुसली. वायरी काढून, एकेक वायर ओल्या फडक्यानं. धूळ लय व्हती बगा."

मल्हारीनं कौतुकानं मान हलवली. ही त्याची त्या दिवसाची पहिली चूक.

आम्ही पुढच्या खोलीत बसलो. मशीन चालूच होतं. पोहे आले. सोपानरावांनी बशी हातात घेतली, पण खाल्लं नाही. मुलगा काय शिकला, शेती किती, हे त्यांनी विचारलंच नाही. ते फक्त मल्हारीकडे बघत राहिले. मल्हारीनं खिशातून फ्लॉपी काढली. स्वराज उठून बाजूला झाला.

"बघा की मामा. तुमचंच हाय."

पहिल्यांदा सहाशे आलं. दुसऱ्यांदा सहाशे. तिसऱ्यांदाही सहाशेच. मल्हारीच्या कपाळावर घाम आला. त्यानं होडीची सीडी लावली. वेग कमी आला तर निदान कार्ड तरी सावरून घेईल, अशी त्याला आशा असावी. होडी निघाली. लाट आली. होडी थांबली. पुन्हा निघाली.

"ह्यो पिक्चर कवा संपणार?" सोपानरावांनी विचारलं.

"पिक्चर न्हाई दाजी, परीक्षा हाय."

"मग ती होडी का अडखळती?"

मल्हारीनं कपाळ पुसलं. सगुणाबाई दारातून वाकून बघत होत्या. "आगं बया, कुनी बसलंय का तिच्यात?" त्यांनी विचारलं. कोणी बसलेलं नाही, असं मी त्यांना सांगितलं. तेवढंच मी त्या घरात तोपर्यंत बोललो होतो.

होडी एकदाची किनाऱ्याला लागली. आकडा आला. तोही कमीच. मल्हारीनं फ्लॉपी बाहेर काढली. सुषमाचं बोलणं त्याला आठवलं असणारच, कारण तो बराच वेळ फ्लॉपीकडे बघत होता. पण शेवटी म्हणाला ते पडद्यावरचंच.

"दाजी, मशीन सहाशेचं हाय."

सोपानरावांनी पोह्याची बशी खाली ठेवली. स्वराजचा चेहरा उतरला. त्यानं एकदा आतल्या दाराकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि मिटलं. मला वाटलं, आता हा विकणाऱ्याला शिव्या देईल, निदान पुण्याच्या दुकानदाराचं नाव घेईल. तो काहीच बोलला नाही.

आता माझी गोष्ट सांगावी लागते. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात घड्याळ असतं. माझी नजर घड्याळाकडे जातेच, स्टेशनात आयुष्य गेलं त्याला इलाज नाही. तिथं मला बसल्यापासून पहाटेचे सव्वातीन, साडेतीन असं काहीतरी दिसत होतं. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजत आले होते. मी विचार केला, कॉम्प्युटर अमेरिकेतून येतात, तिथली वेळ असेल. जाणत्या लोकांत आपण काय बोलायचं, म्हणून गप्प बसलो. पण सोपानराव टोपी घालायला लागले, तेव्हा मला राहवलं नाही. मी मल्हारीच्या कानाशी वाकलो.

"मल्हारी, तिथं ते पहाटेचे चार दाखवतंय. ते अमेरिकेचं का रे?"

त्यानं पाहिलं. घड्याळावर नेऊन माउसचा बाण थांबवला. तारीख दिसली: एक जानेवारी, तीही दोन वर्षांपूर्वीची. एवढा काळा पडलेला माणूस मी त्यापूर्वी पाहिला नव्हता. त्यानं मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. काळ्या पडद्यावर सेटिंग पुसलं गेल्याची इंग्रजी ओळ आली आणि तो ती ओळ वाचत राहिला.

त्यानं मला नंतर समजावलं ते असं. मशीनच्या आत एक गोल सेल असतो. मशीन बंद असलं तरी तारीख, वेळ आणि कोणत्या वेगानं चालायचं ते त्याच्या जोरावर लक्षात राहतं. सेल संपला तरी वायर भिंतीत असेपर्यंत निभतं. वायर काढली, की मशीन सगळं विसरतं आणि कसंबसं, बेतानं चालू लागतं. आठशेचं सहाशे होतं. सगुणाबाईंनी पाहुण्यांसाठी वायर काढून पुसली, तिथंच आमची सोयरीक अडली होती.

"ही इंग्रजी ओळ आज सकाळी आली व्हती का?" मल्हारीनं स्वराजला हळू विचारलं.

"व्हय. पर वेग उतरला ते तुम्ही तपासलं तवाच कळलं."

"मग बोलला का न्हाईस?"

स्वराजनं पुन्हा आतल्या दाराकडे पाहिलं.

"काय झालं रं?" सगुणाबाई पुढं आल्या. "माझ्या हातनं पुसताना मोडलं का काय?"

"न्हाई आई. सेल संपलाय. सेल काय जन्मभर पुरतो का? तू चहा टाक."

मल्हारी एक क्षण त्याच्याकडे बघत राहिला. मग त्यानं सेटिंग पूर्वीसारखं केलं. प्रोग्रॅम पुन्हा तीनदा चालवला. आठशे, आठशे, आठशे. होडीही सुसाट गेली. मग तो उभा राहिला आणि चारचौघांत बोलला.

"दाजी, माझं चुकलं. तारीख बघायला पाहिजे व्हती, बघितली न्हाई. मशीन आठशेचंच हाय."

मला वाटलं, झालं काम. पण सोपानरावांचा ट्रॅक्टर अजून त्यांच्या मनातून गेला नव्हता.

"घटकेत सहाशे, घटकेत आठशे," ते म्हणाले. "मी जेवून उठलो की चारशे येईल. आन् तू चुकतो व्हय? मग एवढे टिपके दिलेस तालुकाभर, त्यांचं काय?"

मल्हारीनं फ्लॉपी खिशात घातली. सोपानरावांनी सगुणाबाईंना हात जोडले. "घरी जाऊन कळवतो."

हे कळवतो म्हणजे काय, ते सगळ्यांना ठाऊक होतं. सगुणाबाईंनाही. चहा तसाच राहिला.

जीप चौफुल्याला थांबली. सोपानरावांना भूक लागली होती, कारण पोहेही खाल्ले नव्हते. भजी आली. मल्हारीनं एकालाही हात लावला नाही.

"दाजी, एक बोलू?"

"आता काय राहिलंय?"

"त्या पोराला वायरीचं सकाळपासनं ठावं व्हतं. मी सहाशे म्हणालो तवा त्यो एक शब्द बोलला असता, आईनं वायर काढली, तर तिथंच मिटलं असतं. न्हाई बोलला. आईची शोभा व्हईल म्हणून. सोयरीक मोडत असताना गप्प बसला."

सोपानराव भजं चावत होते. चावायचे थांबले.

"हे तुझ्या फ्लॉपीत दिसलं का?"

"न्हाई. माझ्या मनचं बोलतोय. पहिल्यांदाच."

सोपानरावांनी रुमालाला हात पुसले. मग माझ्याकडे वळले. "आबा, तुमाला काय वाटतं?"

माझं मत असं कोणी फारसं विचारत नाही. मी म्हणालो, "पोरगं चांगलं आहे." आवाज इतका बारीक आला, की त्यांनी पुन्हा विचारलं आणि मला तेच पुन्हा, मोठ्यानं सांगावं लागलं.

सोपानरावांनी उरलेली भजी कागदात बांधायला लावली आणि ड्रायव्हरला जीप माघारी घ्यायला सांगितली.

केडगावला घराचं दार उघडंच होतं. सगुणाबाई पुढच्या खोलीत आमच्याच बशा गोळा करत होत्या. आम्हाला बघून त्या गोंधळल्या. त्यांनी बाकावर, बाकाखाली पाहिलं.

"काय इसरलं का पाव्हणं?"

"व्हय," सोपानराव म्हणाले, आणि टोपी काढून पुन्हा त्याच जागेवर बसले. "होकार द्यायचा राहिला. आन् ते पोहे असतील तर आणा, मघाशी खाल्लं न्हाई मी."