गाण्यातली मोकळी जागा

मी गाणी रचायची ती मिरजोळ्याच्या कारखान्यात, कोळंबी सोलताना. बर्फाने बोटं बधिर व्हायची, केसांतला वास जायचा नाही, आणि डोक्यात मात्र चाल घोळत असायची. माझे चुलते आमच्या वाडीच्या नाच मंडळाचे बुवा. गणपतीत बाप्यांचा जाखडी नाच असतो, त्याची गाणी तेच म्हणायचे. माझी एक गवळण त्यांच्या कानावर पडली होती. पुढे मुंबईतल्या चाकरमान्यांनी मंडळाची कॅसेट काढायचं ठरवलं, तेव्हा ते घरी येऊन म्हणाले, "अगो बाय, तुजी दोन गानी घेतो. म्हनायची पन तूच."

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. माझा आवाज दुकानात मिळणार, अनोळखी माणसं तो घरी नेणार, या आनंदानेच पोट भरलं होतं.

आमच्याकडच्या गाण्यांची रीत अशी, की शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव यायलाच हवं. ज्याचं नाव त्याचं गाणं; दुसरा पुरावा कोणी मागत नाही. मुंबईच्या वादकांना चाल कळावी म्हणून बुवांच्या टेपरेकॉर्डरवर मी दोन्ही गाणी म्हणायला बसले. शेवटच्या कडव्याशी आले आणि आईने हात धरला. माझं लग्न ठरलं होतं. "सासरी नाव बदलतील," ती म्हणाली. "मग ही कोन बाय, असं लोक इचारतील. कुवारपनीचं नाव कॅसेटीत कशाला? थांब जरा."

मला ते पटलं, हेच माझं दुर्दैव. नावाच्या जागी मी नुसती गुणगुणले. लग्नानंतर मुंबईला जाऊन खरं रेकॉर्डिंग करायचं, तेव्हा नवं नाव घालायचं, असं ठरलं.

लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळावर अंगठीने माझं नवं नाव लिहिलं. नवऱ्या मुली अशा वेळी लाजून मान खाली घालतात. मी मान वाकवून बघत होते, ते गाण्याच्या ओळीत बसतं की नाही. बसलं! मी हसले. करवल्या म्हणाल्या, आवडलं गो हिला.

मुंबईला मला कोणी नेलं नाही. नवऱ्याला विचारलं, तर म्हणाला, "गणपती होऊ दे." गणपतीच्या आधी कॅसेटच आली. सासरच्या वाडीतल्या दुकानात लावली होती. गवळण माझी, गळा कुणा मुंबईच्या बाईचा, आणि मी गुणगुणले होते तिथे बुवांचं नाव. आयत्या बिळावर नागोबा! मी नवऱ्याला म्हटलं, हे माझं गाणं आहे. त्याने शेवटचं कडवं नीट कान देऊन ऐकलं. "नाव तर बुवांचं हाय," तो म्हणाला. त्यात खोटं काही नव्हतं.

लग्नानंतरच्या पहिल्या गौरीला नव्या सुनेने सुपं भरून ओवसायचं असतं; त्या ओवशाची सुपं घेऊन माहेराहून बुवाच आले. मी त्यांना पडवीत गाठलं. ते चहा बशीत ओतत म्हणाले, "अगो, मुंबैकरांनी तुज्या लग्नाआदीच सगळं उरकलं. बिननावाचं गानं कसं सोडू? जुनं नाव आयशीनं घालू दिलं नाय, नवं कुटून आनू? मोकळी जागा बगून सामन्यातल्या समोरच्या मंडळानं आपलं नाव घातलं असतं."

"मग लग्नात का नाही सांगितलंत?"

"हसत हुतीस, बाय," ते म्हणाले, आणि खिशातून एक कॅसेट काढून माझ्या हातात ठेवली. भेट म्हणून.

संध्याकाळी फुगड्यांना बायका जमल्या. सासूने कौतुकाने मला पुढे ढकललं. "आमच्या सुनेचा गळा आयका. ती कॅसेटीतली गवळन म्हन गो." मी गवळण म्हटली. शेवटचं कडवं आलं. माझं नाव घेतलं असतं तर चुकलीस म्हणून सगळ्या हसल्या असत्या. मी ताल न चुकवता बुवांचं नाव घेतलं. बायका म्हणाल्या, अगदी कॅसेटीसारखं म्हणतेस.