नव्या ड्राइव्हवरचं खोडद

सुभाष गेला तेव्हा मी आळेफाट्याला कुरिअरच्या दुकानात त्याच्याच पार्सलसाठी भांडत होतो. दुकानदार ऐकेना. “ज्याचं नाव त्यालाच देणार, पावणं.” मी म्हणालो, अहो, माणूस आजारी आहे, खोडदला पलंगावर पडलाय, मी त्याचा शाळेपासूनचा मित्र... तेवढ्यात त्याच्या धाकट्या भावाचा फोन आला. “मास्तर, दादा गेला.” माझ्या तोंडाकडं बघून दुकानदाराला काय कळायचं ते कळलं. त्यानं सही न घेताच खोकं पुढं सरकवलं. कॉम्प्युटरच्या ज्या ड्राइव्हसाठी सुभाषनं माझं डोकं खाल्लं होतं, तो हातात धरून मी स्टँडवर उभा राहिलो आणि कुठली एसटी पकडायची हेच मला सुचेना.

हृदयाचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी ट्रॅक्टरवर बसायला बंदी केली, तेव्हा हा पठ्ठ्या विमानात बसला. कॉम्प्युटरवरच्या, अर्थात. कुणाचा तरी जुना कॉम्प्युटर आणला, त्यात विमान उडवायचा खेळ भरला, आणि उभा जन्म कांद्यात गेलेला हा माणूस सकाळी नाश्ता करून नाशिकला जाऊन यायला लागला. खऱ्या विमानात तो कधी बसला नव्हता. गाव त्याला कॅप्टन म्हणायचं आणि तो खुशाल ओ द्यायचा. पण खेळातलं खोडद बघून त्याचा पारा चढला. “मास्तर, हे बघ! आपल्या गावाच्या जागी निस्तं जंगल! दुर्बिणीच्या एवढाल्या तबकड्या, त्या बी न्हाईत! आमी काय झाडावर राहतो का राव?” मग त्यानं स्वतःच खोडद उभं करायला घेतलं. गावच्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या मांडल्या, विहीर काढली, कांद्याची चाळ, घर, घरापुढचा गोठा. मी चिडवायचो, अरे, खऱ्या घराला रंग द्यायला तुला कधी वेळ मिळाला नाही, आणि इथं पत्रे बसवत बसलास! तो नुसता हसायचा. खेळाला बाहेरून जोडायच्या या देखाव्यांना तो सीनरी म्हणायचा. ती इतकी साठली की कॉम्प्युटरमधली जागा संपली आणि विमान धावपट्टीवरच अडकायला लागलं. म्हणून हा दुसरा ड्राइव्ह मागवलेला. वहिनींना त्यानं सांगून ठेवलं होतं, “त्यो आला की तुला आपलं घर वरनं दाखवतो.” त्यावर वहिनी म्हणायच्या, “आधी खाली बसून जेवा.”

दहाव्याला नदीवर कावळा शिवेना. झाडावर ढीगभर बसलेले, पण पिंडाकडं एक फिरकेल तर शपथ. भाऊ हात जोडून म्हणाला, “दादा, वहिनीला अंतर देणार न्हाई.” कुणी म्हणालं जमीन बघू, कुणी म्हणालं गुरं सांभाळू. ऊन चढलं, भटजी घड्याळ बघायला लागले. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. वर्गात पोरांना मी जन्मभर उलटंच सांगितलंय. पण वहिनी हळूच म्हणाल्या, “भावजी, त्यांच्या इमानाचं तुमी बोला की...” साऱ्या गावासमोर मी पुढं झालो. “सुभाष, नव्या ड्राइव्हवर तुझी सीनरी मी टाकतो. वहिनींना घर वरून दाखवतो. जा आता.” आणि आला की हो कावळा! लोक सुटले. मला मात्र घाम फुटला, कारण साधा ईमेल पाठवायचा तरी मला सुभाषच लागायचा.

नारायणगावहून एक कॉम्प्युटरवाला आणला. तो म्हणाला, सगळं पुसून नव्यानं भरू. त्याला चहा पाजून वाटेला लावला. पुसून कसं चालेल? तेवढंच तर राहिलंय त्याचं... सुभाषनं एकदा मला समजावलं होतं, “लई सोपंय राव. सामान नव्या घरात न्यायचं आणि जुन्या दारावर पत्ता लावून ठेवायचा.” म्हणजे सीनरीचे फोल्डर नव्या ड्राइव्हवर हलवायचे आणि खेळाच्या फोल्डरमध्ये त्यांचा फक्त शॉर्टकट ठेवायचा. परवा मी तसंच केलं. फोल्डर हलवले, शॉर्टकट ठेवला, त्याच्या खुर्चीत बसून विमान कसंबसं वर काढलं. वहिनी शेजारी डोक्यावर पदर घेऊन बसल्या होत्या, देवळात बसल्यासारख्या. खाली आलं ते नुसतं जंगल.

“हे कुणाचं रान?”

“आपलंच, वहिनी.”

“मग हिर कुठाय? घर?”

मी विमान पुन्हापुन्हा फिरवलं. तबकड्या नाहीत, चाळ नाही, काही म्हणता काही नाही. नव्या ड्राइव्हवर सगळे फोल्डर जागच्या जागी आहेत आणि खेळाला त्यातलं एकही सापडत नाही. माझं काय चुकतंय मला कळत नाही, आणि ज्याला कळलं असतं... “राहू द्या भावजी, च्या टाकते,” म्हणत वहिनी उठल्या. त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तरी बरं वाटलं असतं.

अडलं की सुभाषला फोन लावायचा, ही माझ्या हाताची सवयच. हातानं तो लावलाही. स्वयंपाकघरातून रिंग ऐकू आली तेव्हा मी भानावर आलो. बंद करायला गेलो, तोवर वहिनींनी उचलला होता, नाव न बघता, पातेल्यावर नजर ठेवून. “हॅलो... हायेत की घरात, बसल्यात इमान घेऊन. थांबा, देते त्यांना,” म्हणत त्या खोलीच्या दारातून आत आल्या. फोन धरलेला हात सवयीनं खुर्चीपुढं झाला. खुर्चीत मी होतो, कानाला फोन लावून.