बंद खोलीतला हायड्रोजन

निशा गेल्याचं मला कसालच्या बाजारात कळलं. गोव्याच्या इस्पितळात ती होती तोवर मी रोज काकींना, म्हणजे तिच्या आईला, फोन करायचे. त्या दिवशी मी काही विचारायच्या आतच काकी म्हणाल्या, "आता कशी आसा म्हणान इचारू नको गो..." आणि फोन बंद झाला.

आम्ही दोघी कॉलेजात रसायनशास्त्र एकत्र शिकलो. मी शिक्षिका झाले, ती पुण्याला संशोधनाला गेली. सूर्यप्रकाशाने पाण्यातून हायड्रोजन काढायचा, हे तिचं काम. भातशेतीत टाकतो तोच युरिया झाकणाच्या भांड्यात खूप तापवला की एक पिवळी पूड उरते. नुसता कार्बन आणि नायट्रोजन. ती पाण्यात ढवळून उन्हात ठेवली की हायड्रोजन सुटायला हवा; पण चिमूटभर प्लॅटिनम घातल्याशिवाय तो जेमतेम सुटायचा. निशाला धातूच नको होता. "झाडाच्या पानात खंय प्लॅटिनम आसता?" ती विचारायची. पानात मॅग्नेशियम असतं, असं मी म्हटलं की हसायची. "तां पण नको."

याच हट्टापायी वरिष्ठांशी बिनसलं आणि ती तारकर्लीला घरी परतली. मागच्या खोलीत, छपराला बसवलेल्या काचेच्या कौलाखाली तिने टेबल मांडलं. युरिया तापवला की अमोनियाच्या वासाने शेजारी ओरडायचे. वर्षं गेली, बुडबुडे काही येईनात. मग दुखणं आलं. इस्पितळात जायच्या आदल्या दिवशी मी गेले, तर ती भिंतीला धरून उभी राहून नवी पूड चंबूत ओतत होती. चंबूची नळी तिने पाण्याच्या भांड्यात उलट्या ठेवलेल्या, पाण्याने भरलेल्या परीक्षानळीत सोडली, आणि खोलीला कुलूप लावलं.

ती गेल्यानंतर काही आठवड्यांनी काकींचा फोन आला. "दुपारचो त्या खोलीतसून आवाज येता. कोण तरी पाण्यातसून बोलता तसो. माका भ्यां वाटणा नाय... पण तू येशीत?"

मी गेले. काकींनी किल्ली दिली, पण त्या आत आल्या नाहीत, स्वयंपाकघरात गेल्या. खोलीत धुळीचा वास होता. कौलातून उतरलेलं ऊन नेमकं चंबूवर पडलं होतं, आणि पिवळसर पाण्यातून बुडबुडे वर येत होते. एक, मग थांबून आणखी एक... झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखे. कौलावर ढग आला तसे ते थांबले. मीही श्वास रोखून उभी राहिले. ऊन आलं, पुन्हा सुरू.

तापलेल्या पाण्यातली हवाही असेल, मी मनाला बजावलं. उलट्या नळीत पुष्कळ वायू साठला होता. अंगठ्याने तोंड दाबून ती बाहेर काढली, आगकाडी ओढून तोंडाशी नेली आणि अंगठा उचलला.

टप्प! दारावर कुणी एकदाच टिचकी मारावी तसा आवाज. हायड्रोजनच; पेटताना तो असाच वाजतो. निशाला जमलं होतं, आणि तिने ते पाहिलं नव्हतं.

"येतंय गो, येतंय!" स्वयंपाकघरातून काकींनी ओ दिली. हात पुसत त्या दारात आल्या. माझ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. उन्हातल्या चंबूकडे बघत त्यांनी विचारलं, "काय गो बाय, काय व्हया तुका?"