भिंतीतून येणारे सूर

निकानोर इश्कोत मारिंबा, म्हणजे काठ्यांनी वाजवायचं लाकडी पट्ट्यांचं वाद्य, घडवायचा आणि त्याची बायको बाल्बिना ती सुरात लावायची. ऊएऊएतेनांगो शहरातल्या त्यांच्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. तो लाकडी पट्टी तासायचा, ती काठीने ठोकून कान द्यायची. "अजून तास. झोपलीय ती," म्हणायची. निकानोरला सुरातला बारीक फरक कळत नसे आणि त्याचं त्याला कधी वाईटही वाटलं नाही.

पुढे बाल्बिनाला दम्याने धरलं. लाकडाच्या भुशात बसणं बंद झालं. तिची बहीण रेमेदिओस राहायला आली आणि तिने कामाच्या खोलीचं दार चिंध्या कोंबून बंद केलं. मधे हातभर जाडीची मातीची भिंत. पट्टी वाजवली तर पलीकडे बाल्बिनाला नुसतं धप्प ऐकू येई.

मारिंबाच्या प्रत्येक पट्टीखाली तिच्या सुराची पोकळ पेटी असते. पट्टी वाजली की पेटीतली हवा घुमते. निकानोरने भिंत दोन्ही बाजूंनी कोरली, मधे देवदाराची पातळ फळी ठेवली आणि तिच्या अलीकडे-पलीकडे तशीच एकेक पेटी बसवली. सगळ्या पट्ट्या वाजवून तो अंगणातून वळसा घालून आत गेला.

"आलं ऐकू?"

"एकच सूर आला." बाल्बिना खोकत हसली. "तुझ्या भिंतीला एकच शब्द बोलता येतो."

"बाकीचे शिकवतो."

ईस्टरपर्यंत तो कोरतच होता. पेट्यांची प्रत्येक जोडी आपापला सूर पलीकडे पोचवू लागली. "घर पडेल, मग बसा गात," रेमेदिओस कुरकुरायची. बाल्बिना भिंतीवर एकदा ठोकायची, म्हणजे तास. दोनदा, म्हणजे पुरे. अशी कितीतरी वर्षं गेली. दिवसभर एकमेकांचं तोंड दिसत नसे, तरी तेवढं बोलणं त्यांचं आधी कधी झालं नव्हतं, असं निकानोरला पुढे वाटायचं.

बाल्बिना गेली तेव्हा एक मारिंबा अर्धवट होती. एका दुपारी त्याने रेमेदिओसच्या हातात काठी दिली आणि स्वतः बाल्बिनाच्या खाटेवर बसून भिंतीला कान लावला.

सूर आला. मुठीत धरलेल्या माशीएवढा. एवढ्याशावर ती इतकी वर्षं मारिंबा लावत आली होती? त्याला तर काहीच उमगेना. ही मारिंबा आता सुरात लावायला दुसऱ्या कुणाकडे न्यावी लागणार, हे त्याला कळून चुकलं.

"झालं का?" पलीकडून रेमेदिओस ओरडली. "उठू मी?"

"नको," तो म्हणाला. "सगळ्या वाजव. सावकाश."