नवरीच मुऱ्हाळी

हळदीच्या आदल्या दिवशी आमच्या अंगणात इतका गलका होता की कोण कुणावर ओरडतंय हे ओरडणाऱ्यालाही कळत नव्हतं. मांडववाला खांब रोवायला जागा मागत होता, आचारी भगुणी मागत होता, आणि मी मेंदीनं माखलेले दोन्ही हात वर धरून सगळ्यांच्या वाटेत उभी होते. लग्न माझंच होतं आणि मला भयंकर मजा येत होती.

तेवढ्यात सोनपेठकडून गाडी परत आली. बाबांनी ती सकाळी माझ्या आत्याला आणायला पाठवली होती. ड्रायव्हरनं मागचं दार उघडून कुरडयांचा पत्र्याचा डबा, लोणच्याची बरणी, पापडांचं गाठोडं असं एकेक खाली ठेवलं. आत्या काही उतरली नाही.

"बाई म्हणल्या, सामान घेऊन जा, मी येत न्हाई," तो म्हणाला. "मला मातर पोटभर जेवू घातलं."

आमच्याकडे नवरीला पहिली हळद आत्या लावते. पण रीत गेली चुलीत, ही आत्या नसेल तर मला हळदीला बसायचंच नव्हतं. मला परभणीच्या कॉलेजात घालण्यासाठी बाबांशी कडाकडा भांडली होती ती हीच.

बाबा तडकले. "एसीची गाडी धाडली! आणखी काय पायजे अक्काला? पालखी?"

"गाडी धाडली," आई म्हणाली. "तिच्यात आपलं माणूस कोण व्हतं?"

लेकीला कार्याला आणायचं तर माहेरचं कुणीतरी मुऱ्हाळी म्हणून तिच्या दारात जातं, दोन घास खातं आणि तिला सोबत घेऊन येतं. इतकी वर्षं बाबाच जायचे, आधी एसटीनं, मग मोटारसायकलवर. या वेळी चांगली मोठी गाडी सांगितली, म्हणजे माणसाची गरज नाही, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

"मी जाते," मी म्हणाले.

"तू?" आई किंचाळली. "नवरीनं शीव वलांडू न्हाई!"

"ते हळद लागल्यावर. अजून कुठं लागलीय?" असं म्हणत मी गाडीत बसलेसुद्धा. ड्रायव्हर खुशीत होता. त्याला दुसऱ्यांदा जेवण दिसत होतं. रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या आडव्या येत होत्या आणि मी प्रत्येकीवर चिडत होते. आत्या नाहीच आली तर काय, हेच डोक्यात घोळत होतं.

आत्या नवी साडी नेसून, पिशवी पायाशी घेऊन ओट्यावर बसली होती. सकाळपासून तशीच बसली असणार.

"का गं माय, तुला धाडलं?"

"मुऱ्हाळी आलेय. चल."

ती हसली आणि तिच्या डोळ्यांना धार लागली. "गाडी दिसली तशी मी उठून हुबी राहिले. म्हणलं, माझा भाऊ उतरंल. त्या ड्रायव्हरबिगर कुणीच न्हाई. मी काय गव्हाचं पोतं हाय का, कुणीबी उचलून न्यायला?"

मुऱ्हाळ्यानं उपाशी परतायचं नसतं. माझे हात मेंदीचे, म्हणून तिनंच मला धपाटं-दही भरवलं. ड्रायव्हरनं लाजत लाजत पुन्हा ताट घेतलं.

परतताना मी अखंड बडबडत होते, शालू, फेटे, वरात. मध्येच तिनं विचारलं, "लग्नानंतर तुला न्यायला कोण येणार, काई ठरलंय का?"

"मला गाडी चालवता येते, आत्या. वाटेल तेव्हा येईन."

"येशील गं. पर दारात आपलं माणूस आलं की बाईला कसं वाटतं, ते तुला अजून ठाव न्हाई."

या साऱ्या धांदलीत हे डोक्यातच आलं नव्हतं, की आता मीही आणावी लागणारी लेक होणार.

गाडी थांबताच बाबा अनवाणी धावत आले आणि आत्याच्या पायांशी वाकले. आत्यानं त्यांना खांद्याला धरून उठवलं.

"माझं जाऊ दे. हिच्या पहिल्या सणाला तू सोता जायचं. गाडी धाडायची न्हाई."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आठवडाभर ते मांडव, आचारी आणि बँडवाल्यातच बुडालेले होते. घरातून लेक जाणार आहे हे त्यांना बहुधा तेव्हाच कळलं. "जाईन," ते म्हणाले, आणि सगळ्यांदेखत हुंदके देऊन रडायला लागले.